शेजारच्या साइटवरच्या मजुरांसाठी मंडळाला मलेरिया तपासणी शिबिर घ्यायचंय. कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की भांडुपला तुमच्या मंडळाशेजारी टॉवरचं काम चालू आहे, पत्र्याच्या शेडमध्ये बंगाल-झारखंडकडचे मजूर राहतात, पाऊस सुरू झाल्यापासून दर आठवड्याला कुणी ना कुणी हुडहुडी भरून पडतंय, आणि मंडळाचा एका रविवारी मोफत रक्ततपासणी घ्यायचा विचार आहे. मी लॅब टेक्निशियन आहे, मलेरियाच्या स्लाइड, म्हणजे रक्ताचा थेंब पसरलेल्या काचा, मायक्रोस्कोपखाली वाचणं हे रोजचं काम. त्यामुळे स्पष्टच सांगतो: बॅनर, टी-शर्ट आणि एका रविवारचं शिबिर यावर वर्गणी खर्च करू नका.

डास चावल्यापासून ताप यायला साधारण १० ते १५ दिवस जातात. शनिवारी चावलेल्या माणसाचं रक्त रविवारी कोरंच दिसणार. त्यात मुंबईत मलेरियाचा जास्त सापडणारा प्रकार म्हणजे व्हायवॅक्स. त्याचे काही जंतू यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पुन्हा रक्तात उतरतात. यकृतातले हे जंतू ना स्लाइडवर दिसत, ना झटपट तपासणीच्या किटवर. म्हणजे रविवारी शंभर जण 'निगेटिव्ह' निघतील, ठेकेदार खूश होईल, आणि पुढच्या आठवड्यात त्यातलेच दोघे-तिघे तापाने फणफणतील.

उपयोग होतो तो ताप आला त्याच दिवशी तपासणी झाली तर. अडचण अंतराची नाही, दवाखाना बहुतेक साइटवरून चालत जाण्याइतका जवळ असतो. पण तो उघडतो तेव्हा मजूर कामावर असतो, आणि खाडा केला की रोजी बुडते. मग रात्री तो गल्लीतल्या 'डॉक्टर'कडे जाऊन एक सुई आणि दोन-चार गोळ्या घेतो. ताप उतरतो. पण अशा अर्धवट औषधाने जंतू इतके कमी होतात की नंतर आमच्याकडे आलेल्या रक्तात ते शोधणं कठीण होऊन बसतं. जाड स्मिअरची (काचेवरच्या रक्ताच्या जाड थराची) किमान १०० फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारे भाग, पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नसतं, आणि अशा रुग्णाच्या बाबतीत तीही कधी कधी पुरत नाहीत.

म्हणून शेडमधलाच एखादा भरवशाचा माणूस गाठा, मुकादमाची बायको असेल तर उत्तम, कारण ती दिवसभर तिथेच असते. कुणाला थंडी वाजून ताप आला की तिने तुमच्या एका पोराला फोन करायचा आणि त्याने रुग्णाला महापालिकेच्या दवाखान्यात न्यायचं. तपासणी आणि औषध दोन्ही तिथे मोफत आहे. काही ठिकाणचे 'आपला दवाखाना' संध्याकाळीही चालू असतात, तुमच्या भागातली वेळ आधीच विचारून ठेवा. जवळच्या आरोग्य केंद्राला सांगितलं तर आरोग्यसेविका शेडवर येऊन रक्त घेऊ शकतात. बोटाला सुई टोचण्याचं काम कार्यकर्त्यांनी स्वतः अंगावर घेऊ नका. किट सोपं दिसतं, पण भर उन्हात तापलेल्या पत्र्याखाली ठेवलं तर बिघडतं, आणि पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचावं लागतं. तासाभराने उमटलेल्या फिकट रेघेला अर्थ नसतो. शिवाय फाल्सिपॅरम या मलेरियाच्या दुसऱ्या, जास्त घातक प्रकाराची रेघ बरं झाल्यावरही काही आठवडे येत राहते, त्यावरून पुन्हा औषध सुरू करणारे महाभाग मी पाहिलेत.

खरी कसोटी औषधाची. व्हायवॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन, मोठ्या माणसाला ४, ४ आणि २ गोळ्या, आणि सोबत १४ दिवस प्रायमाक्विन. क्लोरोक्विनने ताप जातो, यकृतातले जंतू मारते ती प्रायमाक्विन. आता तिसऱ्या दिवशी खडखडीत बरा झालेला, सिमेंटच्या गोण्या उचलायला लागलेला माणूस आणखी अकरा दिवस गोळ्या कशाला खाईल? मागे एकाने पुन्हा ताप आल्यावर पँटच्या खिशातून आधीचीच स्ट्रिप काढून दाखवली, घामाने चोळामोळा झालेली, निम्म्याहून जास्त गोळ्या तशाच. 'अच्छा हो गया था ना,' म्हणाला. त्याला काय बोलणार?

मंडळाला पुण्य मिळवायचं असेल तर ते इथे आहे. १४ दिवस, रोज रात्री शेडमध्ये जेवणं झाली की एकाने जाऊन समोर गोळी घ्यायला लावायची. उपाशीपोटी नको, पोटात मळमळतं. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत, आणि जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले की गोळी बंद आणि थेट हॉस्पिटल. कुणी बरळायला लागला, झटके आले, उलट्या थांबेनात, तर रात्र काढू नका, सायन, केईएम, कस्तुरबा, जे जवळ पडेल तिथे न्या. फाल्सिपॅरममध्ये माणूस फार झपाट्याने खालावतो. त्याचं औषध वेगळं आहे, ते डॉक्टरच ठरवतील.

डासांबद्दल थोडक्यात. मुंबईत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्साय गटारात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. १९११ साली मलेरियाचे अभ्यासक डॉ. बेंटली यांच्या अहवालाने शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवलं होतं आणि त्या बुजवण्यावरून तेव्हाही मालकांनी बरीच कुरकुर केली होती. आता तुमच्या साइटवर बघा: पिंपं, लिफ्टचा खड्डा, बेसमेंट, क्युरिंगसाठी (काँक्रीट मुरण्यासाठी) स्लॅबवर भरलेलं पाणी. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहणारी अळी दिसली तर ती अ‍ॅनोफिलिसची. डोकं खाली करून लोंबकळणाऱ्या अळ्या दुसऱ्या डासांच्या. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडं करायचं. ठेकेदार ऐकत नसेल तर वॉर्डातल्या कीटकनाशक विभागात लेखी तक्रार करा, नोटीस निघते. धुराची फवारणी मात्र मागू नका, तिने फोटो चांगले येतात, अळ्या मरत नाहीत.

मच्छरदाण्या वाटणार असाल तर खिळे आणि सुतळीही न्या, पत्र्याच्या शेडमध्ये त्या बांधायच्या कुठे हा प्रश्न तिथे गेल्यावरच कळतो. उकाड्यात बरेच जण स्लॅबवर झोपतात, तिथे चार बांबू लागतील.

आणि मजुरीच्या हिशोबाची तारीख मुकादमाकडून आधीच काढून घ्या. हिशोब झाला की माणसं दुसऱ्या साइटवर, नाहीतर गावी निघून जातात, कोर्स अर्धाच राहतो. त्याच्या आदल्या रात्री उरलेल्या गोळ्या हातात द्या, आणि केसपेपरच्या मागे त्याला वाचता येईल अशा भाषेत कितव्या दिवसाची गोळी झाली ते लिहून द्या. केसपेपरचा फोटो त्याच्याच मोबाइलमध्ये काढून ठेवा, कागद टिकत नाही.