नकाशा तोच, मग नवीन काय?

प्रश्न : ‘झेल्डा’ या व्हिडिओ गेम मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (2017) खेळून पूर्ण झाला. पुढचा भाग, ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ (2023), त्याच नकाशावर आहे म्हणे. घ्यावा का? हत्यारं अजूनही मोडतात का?

उत्तर : जमीन तीच, हायरूल या खेळातल्या राज्याची, पण वर तरंगती बेटं आणि खाली जवळजवळ तेवढंच मोठं अंधारं पाताळ. जमिनीवरचं प्रत्येक मंदिर आणि पाताळातलं ‘लाइटरूट’ (अंधार उजळणारं मूळ) एकाखाली एक असतं. त्यामुळे जमिनीचा नकाशा पाहूनच खाली कुठे जायचं ते ठरवा. तिथला लालसर चिखल मात्र हृदयंच (खेळाडूचा जीव दाखवणारी चिन्हं) कमी करतो. साधं जेवण उपयोगी नाही. सनडिलियन हे फूल घालून शिजवलेलं न्या, नाहीतर लाइटरूटला हात लावा.

हत्यारं मोडतातच. फरक ‘फ्यूज’चा, म्हणजे हत्याराला किंवा ढालीला दुसरी वस्तू जोडण्याचा. कंट्रोलरवरचं एल बटण दाबून धरा, फ्यूज निवडा, वस्तूपाशी उभं राहून वाय दाबा, ढालीसाठी झेडएल. काठीला दगड जोडला की खनिज फोडता येतं, तलवारीला राक्षसाचं शिंग लावलं की मार वाढतो. म्हणून शिंगं विकू नका, नवखे नेमकं तेच करतात. मेनूतून जोड काढली तर जोडलेली वस्तू नष्ट होते. दोन्ही हव्या असतील तर टॅरी टाउन या गावातला गोरॉन (खेळातल्या एका जमातीचा) 20 रुपीत, म्हणजे खेळातल्या पैशांत, सोडवून देतो.

आधीच्या भागातल्या बॉम्ब, चुंबक, बर्फाचे खांब या शक्ती गेल्या; त्यांची चुटपुट फार टिकत नाही. कथा मात्र याही वेळी तुकड्यातुकड्यांत, क्रम चुकला की रहस्य आधीच फुटतं. घ्याच, पण आधीचा भाग नुकताच संपवला असेल तर काही महिने थांबून.