शिक्षकांना निवडणूक आणि लोकशाही वर्गात रंगवून शिकवता यावी, यासाठी प्रशिक्षणात नेमकं काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की चाळीस शिक्षकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण आखायचं आहे, त्यांच्या वर्गांत १३ ते १७ वर्षांची मुलं आहेत, आणि अडचण अशी की निम्मे शिक्षक आधीच म्हणतायत, "राजकारण वर्गात नको, पालक भांडायला येतील." मी बरीच वर्षं शिक्षकांची अशी प्रशिक्षणं घेते. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: दोन दिवसांतला निम्म्याहून जास्त वेळ त्या भीतीलाच द्या. निवडणुकीचे टप्पे, सभागृहांची रचना, कोणाची मुदत किती, हे शिक्षक घरी बसून वाचू शकतात. वर्गात दोन मुलं एकमेकांवर तुटून पडली की तिथेच उभं कसं राहायचं, हे मात्र घरी बसून शिकता येत नाही.

सुरुवातीला मी नेमकं उलट करत होते. दोन दिवस व्याख्यानं, शेवटी चाचणी. शिक्षकांना गुणही उत्तम पडायचे. महिन्याभराने त्यांच्यातल्या एक बाई भेटल्या. म्हणाल्या, "पाठ छान झाला हो. पण मधेच एका मुलाने विचारलं, निवडून आल्यावर शब्द फिरवला तर त्यांना परत बोलावता येतं का? मागून दोघांनी एका पक्षाचं नाव घेतलं. मी म्हटलं, चला, स्वाध्याय काढा." त्या सांगत होत्या आणि मला कसंतरीच होत होतं. वर्गाला खरा प्रश्न पडला होता, आणि त्या क्षणाला उपयोगी पडेल असं मी त्यांच्या हाती काहीच दिलं नव्हतं.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. १९९९ मध्ये शैक्षणिक मूल्यमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयईएने, २८ देशांतल्या सुमारे ९० हजार चौदा वर्षांच्या मुलांचा नागरिकशास्त्राचा अभ्यास केला होता. ज्या वर्गांत मुलांना मोकळेपणाने मत मांडता येतं, मतभेद चालतात, त्या वर्गांतल्या मुलांची समज जास्त दिसली आणि मोठेपणी मतदान करू असं म्हणण्याकडे त्यांचा कलही जास्त होता. त्याच संस्थेच्या पुढच्या फेऱ्यांतही असंच चित्र आलं. म्हणजे वर्गातलं वातावरण हाच अभ्यासक्रमाचा मोठा भाग आहे, आणि ते वातावरण शिक्षकाच्या हातात असतं.

म्हणून पहिल्या सकाळी ओळखपाळख झाली की मी एक खुर्ची मधे ठेवते. एक शिक्षक तिच्यावर बसतो, बाकीचे विद्यार्थी होतात. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, तुम्ही कोणाला मत देणार?" बहुतेक जण हसून टाळतात, काही रागावतात, एखादा सरळ सांगून मोकळा होतो. मग आम्ही प्रत्येक उत्तराचं पुढे काय होतं ते करून पाहतो. हसून टाळलं तर मुलं आपसात अंदाज बांधतात आणि त्यानंतर शिक्षकाचं प्रत्येक वाक्य त्या अंदाजातून ऐकतात. रागावलं तर विषय कायमचा बंद. मला स्वतःला सगळ्यात जमलेलं उत्तर एका गणिताच्या सरांकडून मिळालं. ते म्हणाले, "माझं मत गुप्त आहे, आणि तुझंही गुप्तच राहील. गुप्त का ठेवतात माहिती आहे?" आणि तिथून ते थेट १८५६ मध्ये गेले. त्या साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सरकारी छापील मतपत्रिकेवर गुप्त मतदान आणलं. ब्रिटनमध्ये ते १८७२ साली आलं. त्याआधी मत सगळ्यांसमोर उघड सांगावं लागायचं, आणि मालक, जमीनदार तिथेच उभे असायचे. एका अवघड प्रश्नातून त्यांनी आख्खा तास उभा केला. खुर्चीचा हा खेळ प्रत्येकाला किमान एकदा खेळायला लावा. चाळीस जण असतील तर पाच गट करा, नाहीतर बघेच जास्त होतात.

यानंतरच नियमांकडे या. इथे मी जर्मनीतलं बॉयटल्सबाख सांगते, कारण ते शिक्षकांच्या खिशात मावेल एवढं सुटसुटीत आहे. १९७६ मध्ये या गावात राजकीय शिक्षणात काम करणारे, एकमेकांशी अजिबात न पटणारे लोक एकत्र बसले. त्यातून तीन सूत्रं निघाली. मुलांवर आपलं मत लादून त्यांची विचारशक्ती दाबायची नाही. समाजात आणि अभ्यासकांत ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. आणि या सगळ्यात आपलं स्वतःचं हित कुठे आहे, ते ओळखून परिस्थितीवर परिणाम कसा घडवायचा, हे मुलाला ठरवता आलं पाहिजे. या सूत्रांवर तिथे मतदान झालं नव्हतं. चर्चेचा गोषवारा एकाने लिहून काढला आणि तो पुढे सर्वमान्य झाला. मला ही गोष्ट फार आवडते.

दुसरं सूत्र शिक्षकांना सगळ्यात जास्त सोडवतं, आणि अडचणीतही आणतं. लगेच कोणीतरी विचारतं, "मग सगळ्यालाच दोन बाजू द्यायच्या का?" नाही. करांचा दर किती असावा यावर दोन बाजू आहेत, पाच आहेत. मतमोजणीत कोणाला किती मतं पडली यावर दोन बाजू नसतात. काही माणसांना माणूस म्हणून कमी लेखावं का, हाही खुल्या चर्चेचा विषय नाही. वीस विधानं चिठ्ठ्यांवर लिहा आणि गटांना त्यांचे तीन ढीग करायला सांगा: खरंच वादाचं, तपासून सांगता येण्याजोगं, आणि ज्यावर वाद घालायचाच नाही. भांडणं होतात, होऊ द्या. याला पूर्ण तास ठेवा.

तुमच्याकडचा कायदा किंवा शिक्षण खात्याचा नियम जो काही असेल तो मात्र शब्दशः छापून द्या. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यात वर्गात पक्षीय प्रचाराला मनाई आहे, आणि राजकीय विषय आला तर परस्परविरोधी मतं समतोलपणे मांडायची जबाबदारीही घातलेली आहे. म्हणजे कायदा तोंड बंद करायला सांगत नाही, समतोल राखायला सांगतो. माझा अनुभव असा की शिक्षक ज्याला घाबरतात तो नियम त्यांनी वाचलेला नसतो, कोणाकडून तरी ऐकलेला असतो. कागद हातात आला की अर्धी भीती जाते. पालकांसाठी चार ओळींचं पत्रही तिथेच बसून लिहून घ्या: काय शिकवणार, काय करणार नाही, शंका असेल तर वर्गात येऊन बसा. आधी गेलेलं पत्र तक्रारीनंतरच्या खुलाशापेक्षा कितीतरी जास्त काम करतं.

दुपारनंतर मतदान. लक्षात घ्या, ते शिक्षकांनी स्वतः करायचं, मुलांना कसं करायला लावायचं यावर भाषण नको. विषय साधा ठेवा. मी नेहमी विचारते: शाळेला थोडा निधी मिळालाय, तो पुस्तकांवर खर्च करायचा, खेळाच्या साहित्यावर की सहलीवर? प्रत्येकाने मतपत्रिकेवर पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहायची. खरं मतदान झालं की मी माझ्याकडची तयार ३० मतपत्रिकांची थप्पी काढते आणि ती फळ्यावर मोजते.

१२ जणांची पसंती पुस्तकं, मग सहल, मग खेळ. १० जणांची खेळ, मग सहल, मग पुस्तकं. ८ जणांची सहल, मग खेळ, मग पुस्तकं. आता फक्त पहिली पसंती मोजा: पुस्तकं १२, खेळ १०, सहल ८. पुस्तकं जिंकली. आता दुसरी पद्धत. सगळ्यात मागे असलेली सहल बाद करा आणि तिच्या ८ मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळवा. खेळ १८, पुस्तकं १२. खेळ जिंकला. आता तिसरी: पहिल्या पसंतीला २ गुण, दुसरीला १, तिसरीला शून्य. पुस्तकं २४, खेळ २८, सहल ३८. सहल जिंकली, तीही मोठ्या फरकाने. मतपत्रिका त्याच, माणसं तीच, एकाचंही मत बदललेलं नाही.

दरवेळी इथे खोलीत शांतता पसरते. मग कोणीतरी उठून फळ्याजवळ येतं आणि बेरीज पुन्हा तपासतं. बेरीज बरोबरच असते. गुणांची ही पद्धत बोर्दा या फ्रेंच गणितज्ञाने १७७० मध्ये मांडली, आणि त्याचा समकालीन काँदोर्से १७८५ मध्ये म्हणाला की प्रत्येक जोडीची समोरासमोर लढत लावून पाहा. आमच्या थप्पीत तसं केलं तर सहल पुस्तकांना १८-१२ ने हरवते आणि खेळाला २०-१० ने. पण पहिल्या पसंतीत तीच शेवटची होती! निकाल फक्त मतांतून येत नाही, मोजायच्या नियमांतूनही येतो, आणि ते नियम आधी ठरलेले असावे लागतात, हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही. गणिताचे शिक्षक त्या दिवसापासून नागरिकशास्त्राच्या बाजूने होतात, हा आणखी एक फायदा.

शिक्षकांच्या स्वतःच्या मतपेटीची मोजणीही घाईत उरकू नका. केंद्राध्यक्ष नेमा, प्रत्येक पर्यायाचे प्रतिनिधी मोजणीच्या टेबलाशी बसवा. दिलेल्या मतपत्रिका आणि पेटीत निघालेल्या मतपत्रिका यांचा ताळा जुळला पाहिजे. एकदा आमची एक मतपत्रिका कमी भरली. वीस मिनिटं शोध चालला, शेवटी ती एका सरांच्या वहीत दुमडलेली सापडली, पेटीत टाकायचीच राहिली होती. आता ती धरायची की नाही? "त्यांचं मत आहे, धरा" असं एक गट म्हणाला. "पेटी बंद झाल्यावर धरली तर उद्या कोणीही वहीतून काढेल," असं दुसरा. ते सर स्वतः उठून म्हणाले, "नका धरू." बाद मतांचाही असाच वाद होतो: दोन रकान्यांच्या रेषेवर पडलेली खूण, पसंतीच्या आकड्यांऐवजी कोणी लिहिलेलं "तिन्ही चांगले आहेत". या वादात शिक्षक हरतात, चिडतात आणि तरीही निकालावर सही करतात. पराभव मान्य करणं हा लोकशाहीतला सगळ्यात अवघड भाग आहे असं माझं ठाम मत आहे, आणि जो शिक्षक खोलीत एकदा हरलाय तो हरलेल्या मुलाशी वेगळ्या आवाजात बोलतो.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मॉक मतदानाची तयारी. याला जगभर चांगली उदाहरणं आहेत. कॅनडात सिव्हिक्स ही संस्था 'स्टुडंट व्होट' चालवते. २००३ मध्ये ओंटारियो प्रांताच्या निवडणुकीपासून सुरुवात झाली, आणि २०१९ च्या संघीय निवडणुकीत ११ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांनी आपापल्या मतदारसंघातल्या खऱ्या उमेदवारांना मतं दिली. शिक्षकांना आधी प्रशिक्षण मिळतं, केंद्र मुलंच चालवतात, निकाल खरं मतदान संपल्यावरच जाहीर होतो. जर्मनीतलं 'युनियोरवाल' १९९९ पासून चालू आहे, तिथेही केंद्रं बंद झाल्यावरच आकडे बाहेर येतात. नॉर्वेत मात्र शाळांचा निकाल खऱ्या मतदानाच्या आधी जाहीर होतो आणि माध्यमं त्याची बातमी करतात. कोणतं बरोबर यावर शिक्षकांना भांडू द्या. मी निकाल नंतर जाहीर करण्याच्या बाजूची आहे. मुलांच्या मताचा प्रचारासाठी वापर होण्याची शक्यता जितकी कमी, तितकं शिक्षकाला निश्चिंत राहता येतं.

पालकांबद्दल एक गोष्ट, कारण तुमच्या शिक्षकांना त्यांचीच धास्ती आहे. कोस्टा रिकात मुलं आईवडिलांबरोबर मतदान केंद्रावर जातात हे पाहून अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९८८ मध्ये 'किड्स व्होटिंग' सुरू झालं. पुढे मॅकडेव्हिट आणि चॅफी या अभ्यासकांनी अशा उपक्रमातल्या मुलांच्या घरी काय होतं ते पाहिलं. मुलं घरी विषय काढतात, आणि त्यामुळे आईवडीलही बातम्या जास्त वाचू लागतात, निवडणुकीवर बोलू लागतात. तेव्हा गृहपाठात एक प्रश्न घरच्यांना विचारायला लावा: "तुम्ही पहिल्यांदा मत दिलंत तेव्हा काय झालं होतं?" कोणाला दिलं हे विचारायचं नाही. ज्या घरांत हा विषय कधी निघत नाही, तिथून सुंदर उत्तरं येतात. आणि जिथे कोणालाच मतदानाचा हक्क नाही किंवा कोणी कधी गेलंच नाही, त्या मुलासाठी पर्यायी प्रश्न आधीच तयार ठेवा.

खोट्या बातम्यांसाठी दीड तास पुरतो. एकच सवय शिकवा: पानावर रेंगाळू नका, दुसरी खिडकी उघडा आणि हे सांगणारा कोण आहे ते आधी शोधा.

शेवटच्या सत्रात अभिप्रायाचा छापील कागद देऊ नका, सगळे 'उत्तम' वर खूण करून निघून जातात. त्याऐवजी शिक्षकांच्या जोड्या लावा आणि तीन आठवड्यांनी एकमेकांना फोन करायची तारीख तिथेच वहीत लिहायला लावा. फोनवर एवढंच विचारायचं: या दिवसांत वर्गात कुठल्या प्रश्नाला तुम्ही विषय बदललात? उत्तरं तुमच्याकडे मागवून घ्या. पुढच्या प्रशिक्षणातल्या खुर्चीसाठी प्रश्न मला तिथूनच मिळतात.