डुकराचा स्ट्रेन, माणसाचा स्ट्रेन: आधी एवढंच कर

अगं, डुकरांतले आणि माणसांतले स्ट्रेन (एकाच जीवाणूचे वेगवेगळे वाण) घेऊन त्यांच्या जीनोमची, म्हणजे सगळ्या डीएनएची, तुलना करायला साधा लॅपटॉप पुरतो, घाबरू नकोस. आपला जीवाणू स्ट्रेप्टोकॉकस सुइस, त्याचा जीनोम जेमतेम 20 लाख अक्षरांचा. सुरुवातीला दहा-बाराच जीनोम घे.

सगळ्यात मोठी चूक नमुने निवडतानाच होते. माणसांतले सगळे स्ट्रेन चीनच्या सिचुआनमधल्या 2005 च्या साथीतले आणि डुकरांतले युरोपातले घेतलेस, तर तू यजमानांची (डुक्कर आणि माणूस यांची) नाही, देशांची तुलना करतेयस. मीही हेच केलं होतं. चार महिने पाण्यात. प्रत्येक नमुन्याचा देश, साल, सिरोटाइप (बाहेरच्या आवरणावरून ठरणारा जीवाणूचा प्रकार) आणि डुक्कर आजारी होतं की धडधाकट, हे आधी एक्सेलमध्ये भर. कंटाळवाणं आहे, पण खरं काम तेच.

मग दोनच पथ्यं:
- सगळ्यांचं अ‍ॅनोटेशन (जीनोममध्ये कुठे कोणतं जनुक आहे याच्या खुणा) एकाच टूलने, एकाच व्हर्जनने. नाहीतर टूलमधला फरक जीवाणूतला वाटतो.
- एखादं जनुक गायब दिसलं, तर आधी असेंब्ली (डीएनएचे तुकडे जोडून उभा केलेला जीनोम) तिथे तुटलीय का बघ.

माणसांत बहुतेकदा सिरोटाइप 2 सापडतो, पण तो डुकरांतही असतोच. म्हणून फक्त माणसांतल्या स्ट्रेनमध्येच असेल असं 'माणसाचं जनुक' शोधत सुटू नकोस. रिकॉम्बिनेशन (जीवाणूंमधली डीएनएची अदलाबदल) वगैरे नंतर बघू. अडलीस तर शनिवारी लॅपटॉप घेऊन वाशीला ये, मी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने येतेच.