"निअर मिस कळवा, बक्षीस मिळवा" (निअर मिस म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात) अशी पेटी लावून चार महिने झाले, एकही चिठ्ठी नाही. कामगारांना बोलतं कसं करावं?

बक्षीस बंद करा. आणि तुमच्याकडे याआधी कोणी असं काही सांगितलं होतं, त्याचं पुढे काय झालं ते आठवून बघा. तुमच्या कामगारांना ते नक्की आठवत असणार.

मी भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर काम चालतं तिथे होतो, शेवटी शेवटी शिफ्ट सुपरवायझर. २००९ सालची गोष्ट. सेकंड शिफ्टला ठेकेदाराचा एक पोरगा हातमोजा काढून माझ्यासमोर धरत म्हणाला, "साहेब, तीन नंबरचा प्रेस डबल मारतोय." मोज्याच्या मधल्या बोटाचं टोक साफ कापलेलं. आतलं बोट शाबूत. पेडल एकदाच दाबलं होतं, स्ट्रोक दोन आले. मी प्रेस बंद केला, मेंटेनन्सला कळवलं आणि रजिस्टरला नोंद केली. पोराच्या नावानिशी केली, ही माझी चूक.

सकाळी मॅनेजरसाहेबांचा पहिला प्रश्न, "कोण होता?" मेंटेनन्सने दहा-बारा स्ट्रोक मारून पाहिले, एकदाही डबल आला नाही. पोराने पेडल दाबून धरलं असेल, असं ठरलं. आठवड्याभरात ठेकेदाराने त्याला घरी बसवलं. गेटवरच्या फलकावर 'अपघाताविना दिवस' वाढत राहिले.

दीड महिन्याने त्याच प्रेसने दुसऱ्या एकाची दोन बोटं नेली. क्लच उघडला तर आतल्या कीची स्प्रिंग तुटलेली, म्हणजे एका स्ट्रोकनंतर प्रेस थांबेलच याची खात्री नाही. मग कॅन्टीनमध्ये कळलं, मधल्या काळात आणखी तिघांना डबल स्ट्रोक आला होता. तिघंही गप्प राहिले, घरी पोरंबाळं होती. साहेब मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की कामगारच बेफिकीर. नाही साहेब. कामगाराने सांगितलं होतं. रजिस्टरला तारखेसकट होतं, तुमची सही होती त्याखाली.

अमेरिकेत विमानवाल्यांसाठी १९७६ पासून अशा गोष्टी न घाबरता कळवायची सोय आहे. त्यांच्या चिठ्ठ्या कारवाई करणाऱ्या खात्याकडे जात नाहीत, नासाकडे जातात. तिथे नाव काढून टाकतात, आणि दहा दिवसांत कळवलं असेल तर नकळत झालेल्या चुकीची शिक्षा सहसा माफ होते. तुम्ही निदान एवढं करा, की सांगणाऱ्याचं नाव ठेकेदाराच्या कानावर जाणार नाही. "कोण" विचारू नका, "कुठलं मशीन" विचारा. आणि काय दुरुस्त केलं ते त्याच मशीनवर खडूने लिहा, सगळ्यांना दिसेल असं. पुढच्या कंपनीत मी हेच केलं. तिथे पेटी नव्हतीच, लोक येऊन तोंडी सांगायचे.

जाणूनबुजून केलेल्याची गोष्ट वेगळी. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, त्यातलं एक तारेने बांधून ठेवणाऱ्याला सोडा असं मी म्हणत नाही. पण त्यालाही आधी विचारा, तासाला किती नगांचं टार्गेट दिलं होतं, आणि कोणी.