सरपणासाठी कोणती चेनसॉ घ्यावी?

प्रश्न: घरचं सरपण कापायला आणि झाडांची छाटणी करायला चेनसॉ घ्यायची आहे. पेट्रोलची बरी की बॅटरीची?

उत्तर: लाकूड किती जाड, ते आधी बघा. वीतभर जाडीपर्यंत बॅटरीवरची १२ इंची पात्याची पुरते. माझी तशीच आहे. मोठे ओंडके सारखे कापायचे असतील तर १६ इंची पेट्रोलची घ्या.

चेन ब्रेक, म्हणजे यंत्र उसळलं की साखळी लगेच थांबवणारा ब्रेक, नसलेलं यंत्र कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र उसळून थेट तोंडाकडे येतं. माझ्यासोबत एकदा झालंय. तेव्हापासून खांद्याच्या वर मी ते उचलत नाही. उंच फांद्यांना दांड्याची करवत.

आणि हो, कपच्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की साखळीला कानस लावा.