रात्री घरच्यांची झोप न मोडता टायपिंग करायचंय. आवाज न करणारा, हाताला बरा पडणारा कीबोर्ड कुठला घेऊ?

तुम्ही लिहिलंय की पार्टिशनपलीकडे आई झोपते, भाषांतराचं काम रात्रीच होतं, बजेट तीन हजार आणि मित्र म्हणतोय 'घेशील तर मेकॅनिकलच घे', म्हणजे प्रत्येक कळीखाली वेगळा स्प्रिंगचा स्विच असलेला. आधी त्या मित्राला विचारा, त्याच्या घरी खोल्या किती?

माझे धाकटे दीर असेच. करी रोडला आमची चाळीतली एकच खोली, मधे कपाट आडवं लावून दोन केलेली. मी फोर्टातल्या दोन-तीन वकिलांचे ड्राफ्ट टाइप करून देते, पानावर पैसे. मजकूर संध्याकाळी येतो आणि सकाळी दहाच्या आत हवा असतो, म्हणजे रात्र आलीच. जुना कीबोर्ड गेला तेव्हा दिवाळीत भावजींनी मोठ्या कौतुकानं मेकॅनिकल आणून दिला, निळ्या स्विचचा. सहा हजारांचा आहे, हे चहा होईपर्यंत तीनदा सांगून झालं.

पहिल्याच रात्री दीड वाजता सासूबाई कॉटवर उठून बसल्या. "अगं, पाल कुठे चुकचुकतेय बघ जरा." मी म्हटलं, पाल नाही, मी आहे.

दुसऱ्या रात्री कीबोर्ड घेऊन ओट्यापाशी गेले. उभ्यानं सोळा पानं टाइप केली, खांदे कानाला लागले. तिसऱ्या रात्री धाकटी परीक्षेच्या तोंडावर रडायला लागली आणि आमच्या ह्यांनी घरच्या ग्रुपवर ते सगळं लिहिलं. त्यावर भावजींचं उत्तर: "कीबोर्डचा काही दोष नाही. वहिनी टाइप करत नाहीत, धुणं आपटतात."

हे मला लागलं. मी १९९२ साली दादरला मशीनवर टायपिंग शिकले, मराठी चाळीसची परीक्षा पहिल्या फटक्यात पास. गोदरेजचं मशीन, आत तीन कार्बन. बोट हलकं पडलं तर शेवटच्या प्रतीवर नुसती सावली उमटायची आणि सर पान फाडायचे. तो हात अजून गेलेला नाही, हे मी कबूल करते. पण निळ्या स्विचला हलका हात लावला तरी तो बोलतोच! त्याच्या आत दांडीवर प्लॅस्टिकचा एक सुटा तुकडा असतो. कळ अर्ध्यावर गेली की तो सटकन खाली पडतो आणि 'टिक' होतं. तो आवाज मुद्दाम ठेवलेला आहे, गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. गणपतीत सगळे जेवून आडवे झाले होते तेव्हा मी कीबोर्ड खाली काढला, भावजींच्या कानाशी धरला आणि एकच कळ एका बोटानं, गोगलगाईच्या चालीनं दाबली. टिक. बोट तळाला पोचलंसुद्धा नव्हतं. सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "आली वाटतं पाल." भावजी म्हणाले, रबरी रिंगा बसवून घ्या. रिंगांनी कळ तळाला आपटायचा धप्प आवाज कमी होतो, टिक तशीच राहते. हे त्यांना अजून पटलेलं नाही.

तर तुमचं. तीन हजारांत कळांखाली रबराच्या घुमट्या असलेला साधा मेम्ब्रेन कीबोर्ड घ्या, त्यातही 'सायलेंट' म्हणून येणारा. लॉजिटेकचा एमके २९५ त्यातलाच, माउसही बरोबर येतो. नाहीतर लॅपटॉपसारख्या बुटक्या कळांचा घ्या. त्यात कळ जेमतेम दोन मिलीमीटर खाली जाते, मेकॅनिकलमध्ये चार. अंतर कमी म्हणजे आपटायला जागा कमी. मेकॅनिकलचाच हट्ट असेल तर चेरी कंपनीचे सायलेंट रेड स्विच खरोखर शांत असतात. आत रबराचे ठोकळे असतात आणि ४५ ग्रॅमच्या दाबाला कळ लागते. पण ते तुमच्या बजेटात बसणार नाहीत, आणि मेम्ब्रेननं भागतंय तिथे कशाला?

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलात तर खोका उघडायला लावा. पोरं कुरकुरतात, आपण हलायचं नाही. आणि 'asdf' बडवून बघू नका, शिफ्ट बघा. इंग्रजीवाल्यांना हे कळत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मराठी कळांच्या मांडणीत, ख, घ, थ, ध, फ, भ सगळे शिफ्टवर, म्हणजे मराठी टाइप करणाऱ्याची करंगळी दिवसभर तिथेच. 'भाऊ घरी थांबला' एवढं लिहून बघा, किती वेळा शिफ्ट दाबली ते मोजा. ती कळ करंगळीनं, अगदी कडेला दाबून बघायची. जड लागली किंवा वाकडी होऊन अडकली तर खोका परत. स्पेसबारही दोन्ही टोकांना दाबा. लांब कळांखाली तार असते, ती सैल असली की बाकी कीबोर्ड कितीही गुपचूप असो, स्पेसबार खुळखुळ्यासारखा वाजतो.

आणि टेबल! ओट्यावर त्या रात्री खांदे गेले, पण एक कळलं. ग्रॅनाइटवर तोच कीबोर्ड निम्म्यानं तरी कमी वाजत होता. माझं घडीचं टेबल पोकळ प्लायचं, ढोलकीच ती. आता खाली सासूबाईंच्या जुन्या गोधडीची चौपदरी घडी असते, वर साडेआठशेचा मेम्ब्रेन. मागचे पाय दुमडून ठेवते. ते उभे केले की मनगट वर मोडतं आणि कीबोर्ड अधांतरी राहून जास्त वाजतो.

दोन गोष्टी राहिल्या. मेम्ब्रेनची कळ जवळजवळ तळापर्यंत दाबावी लागते, त्यामुळे रात्रीची वीस-वीस पानं असतील तर बोटं दमतात, आणि काही वर्षांत रबर निबर होतं. माझा हा दुसरा. बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र कीबोर्ड बदलत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

हो, मित्र आता म्हणेल, 'निळा नको तर ब्राउन घे, तो शांत असतो.' ब्राउनमध्ये टिक नसते हे खरं, तळाला धप्प होतंच. तरीही ऐकत नसेल तर त्याला आमच्याकडे पाठवा. निळा अजून कपाटावर आहे आणि सासूबाईंची झोप अजून तितकीच सावध आहे.