करारातले कलम १४ शेजाऱ्याला बांधत नाही

नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका वाचकाने बंगल्याचे काम मालासह ३२ लाखांना ठेकेदाराला दिले. मागच्या जूनमध्ये जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीसाठी शेजारच्या कंपाउंड भिंतीपासून अडीच फुटांवर दहा फूट खोल खड्डा घेतला गेला. पावसात कड ढासळली, शेजारच्या काकांची तीस फूट भिंत आडवी झाली, त्यांच्या स्वयंपाकघराला तडे गेले. ऑगस्टमध्ये ४ लाख ८० हजारांची वकिली नोटीस आली. तिला उत्तर दिले नाही. आता समन्स लागून १९ दिवस झालेत. करारातले कलम १४ म्हणते, ‘शेजारील मालमत्तेच्या नुकसानीची संपूर्ण जबाबदारी ठेकेदाराची राहील.’ मग दावा माझ्यावर कसा, आणि ठेकेदार शेवटचे १ लाख ६० हजार मागतो आहे ते देऊन टाकू का, असे ते विचारतात.

देऊ नका.

काळ्या मातीच्या वावरांवर उभ्या राहिलेल्या वसाहतींतून दर पावसाळ्यानंतर याच वळणाचे प्रश्न येतात आणि प्रत्येक पत्रात असे एखादे कलम १४ असते. ते तुमच्या आणि ठेकेदाराच्या मधले आहे. काकांनी त्यावर सही केलेली नाही, त्यामुळे काकांविरुद्ध ते ढाल म्हणून चालणार नाही.

एरवी स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला मालक जबाबदार नसतो, हे खरे. पण हद्दीलगत खोदकाम करताना शेजारच्या जमिनीचा आधार राखणे हे जमीनमालकाचे स्वतःचे कर्तव्य मानले जाते आणि ते दुसऱ्यावर ढकलता येत नाही. १८७६ च्या ‘बोवर विरुद्ध पीट’ या इंग्लंडमधल्या निवाड्यात नेमके हेच घडले होते. शेजारचे घर टेकवून धरण्याची आणि नुकसान भरून देण्याची हमी ठेकेदाराने मालकाला दिली होती, तरी शेजाऱ्यापुढे मालकच जबाबदार ठरला. आपल्याकडे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मधले उदाहरण जमिनीला लगतच्या मातीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क सांगते.

याच ठिकाणी तुमच्या बाजूने एक मुद्दा निघू शकतो. कलम ७ चा हक्क मोकळ्या जमिनीचा आहे. वर बांधकामाचा भार असेल तर कलम १५ प्रमाणे अखंड वीस वर्षे आधार मिळालेला असावा लागतो. काकांचे स्वयंपाकघर केव्हा वाढवले, महापालिकेच्या मंजूर नकाशात ते आहे का, हे नक्कल काढून तपासा. त्याने दावा उडेलच असे नाही; हलगर्जीपणाचा मुद्दा वेगळा उरतो, आणि तो तुम्हाला जड जाईल. दीड मीटरपेक्षा खोल चराला कडेने फळ्या-बल्ल्यांचा आधार द्यावा, असे खोदकामाच्या सुरक्षिततेचे भारतीय मानक सांगते. तुमचा खड्डा तीन मीटरचा होता. ओली काळी माती फुगते, कड पोटातून सुटते, त्यात काठावर मातीचा ढीग आणि जेसीबीचे वजन. भिंत पडली यात नवल नाही.

म्हणून कलम १४ चा उपयोग एकच: काकांना द्यावे लागेल ते ठेकेदाराकडून वसूल करणे. ती हानिरक्षणाची, म्हणजे झालेले नुकसान भरून देण्याची, हमी आहे आणि करार अधिनियम, १८७२ चे कलम १२५ तिला लागू होते. दाव्यात भरावी लागलेली भरपाई, खर्च आणि तडजोडीची रक्कम तुम्ही ठेकेदाराकडून मागू शकता. पण ती तडजोड त्याच्या सूचनेविरुद्ध नसावी आणि अशी हमी नसती तरीही शहाण्या माणसाने केली असती अशी असावी, किंवा तडजोडीला त्याची परवानगी असावी. उद्या काकांशी ओट्यावर बसून तीन लाखांत परस्पर मिटवलेत, तर ठेकेदार म्हणेल, मला विचारले कुठे? आणि तुमची वसुली तिथे अडकेल.

तेव्हा याच आठवड्यात ठेकेदाराला स्पीड पोस्टाने, पोच ठेवून, पत्र पाठवा. समन्स आणि दाव्याची प्रत जोडा, कलम १४ शब्दशः उतरवा, बचावात सामील होण्यास आणि तडजोडीबद्दल पंधरा दिवसांत लेखी म्हणणे देण्यास सांगा, आणि शेवटचा हप्ता याच कारणाने रोखला आहे असे लिहा. वजावटीचे वेगळे कलम करारात आहे का ते पाहा; नसेल तर रोखण्यावरून वाद होऊ शकतो. पण पैसे एकदा गेले की त्याच्या मागे फिरण्यात वर्षे जातात.

करार १०० रुपयांच्या मुद्रांकावर असेल तर आणखी एक पेच आहे. १० लाखांवरच्या ठेक्याला रकमेच्या प्रमाणात शुल्क लागते. कमी मुद्रांकाचा कागद तूट आणि दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेत नाहीत. ते आत्ताच भरून टाका. ज्या कलमावर तुमची सगळी मदार आहे, ते साक्षीच्या दिवशी बाहेर राहायला नको.

आता कैफियत, म्हणजे दाव्याला न्यायालयात द्यायचे लेखी उत्तर. समन्स लागल्यापासून ३० दिवस, न्यायालयाने मुदत वाढवली तर ९० पर्यंत. त्यानंतरही कधी कधी खर्च भरून परवानगी मिळते, पण त्यावर विसंबू नका. तुमच्याकडे अकरा दिवस आहेत. ऑगस्टची नोटीस कपाटात ठेवण्याऐवजी त्याच वेळी ठेकेदाराकडे पाठवली असती, तर तो साइटवर असताना त्याच्याच मजुरांकडून भिंत उभी राहिली असती आणि सीबीएस बसस्थानकाजवळच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती. आता वकीलपत्र द्या आणि कैफियतीबरोबरच ठेकेदाराला पक्षकार करण्याचा अर्ज करा.

रकमेवर मात्र भांडायला जागा आहे. काकांची जुनी वीटभिंत गेली. नवी आरसीसी भिंत तुमच्या खर्चाने द्यायची का, हा वाद रास्त आहे. स्वयंपाकघराचे तडे नीट पाहा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा गेलेला, एका टोकाला रुंद तडा बहुधा पाया खचल्याचा. प्लास्टरवरचे जाळीसारखे बारीक तडे बहुधा आधीचे. तड्याच्या आत जुना रंग, धूळ, जळमट असेल तर तो मागच्या जूनचा नाही. स्थापत्य अभियंत्याकडून तड्यावर तारीख घालून काचपट्टी बसवून घ्या. ती फुटली तर हालचाल चालू आहे. काका घरात येऊ देत नसतील तर कोर्ट कमिशनर, म्हणजे न्यायालयातर्फे जागेची पाहणी करणारा माणूस, नेमण्याचा अर्ज करा, आणि तो भिंत दुरुस्त होण्याआधी. मोबाइलमधले फोटो पुसू नका. ते पुराव्यात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र लागेल.

निकालाला किती वर्षे लागतील हे कुणी सांगू नये, इतका खोळंबा आहे. तडजोडीची शक्यता दिसली तर लोकअदालतीत करा, तिथल्या निवाड्यावर अपील नाही. मसुद्यावर काका आणि तुम्ही या दोघांच्याच नव्हे, ठेकेदाराचीही सही घ्या. तो येत नसेल तर त्याला पाठवलेल्या पत्राची पोच सोबत जोडा.